मागाचं तोंड

काल दुपारी माझी मुलगी ॲनिस चॅपलमध्ये उभी राहून सहाशे माणसांच्या तोंडावर खोटं बोलली, तेही देवाच्या वचनांतून, आणि घरी येऊन शांतपणे टोपी काढून चहा टाकला. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी आहे. लहान असती तर कान धरून चॅपलच्या पायऱ्यांवर उभी केली असती. चहा ओतता ओतता वर मला विचारते, "कसं झालं गं आई?" मी म्हटलं, "आल्टो बायका जरा मागे पडत होत्या." आल्टो म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका; त्या मागे पडत होत्या की पुढे पळत होत्या, मला काय ठाऊक. पण दरवर्षी मी असं काहीतरी म्हणते. कधी म्हणते टेनर पुरुषांनी आरडाओरडा केला, कधी म्हणते ऑर्गनवाल्याला घाई झाली होती. यातलं काही ना काही दरवर्षी होतंच, त्यामुळे आजवर मला कुणी खोटं पाडलेलं नाही. ॲनिसने मान हलवली आणि माझ्या कपात दूध जास्त घातलं. दूध जास्त झालं हे मी बोलले नाही. एरवी बोलले असते.

दोष द्यायचा तर नव्या चष्म्याला द्यावा, आणि उजव्या गुडघ्याला. आमच्या थॉर्नरॉइडमध्ये नाताळाआधीच्या रविवारी तीन तासांचा ऑरेटोरिओ, म्हणजे बायबलच्या वचनांचं वृंदगान, होतो. या खोऱ्यातल्या प्रत्येक गावात होतो, प्रत्येकाला तो पाठ असतो आणि कुणी त्याचं नाव घेत नाही. नुसतं 'डिसेंबरचं' म्हणतात. तुमच्याकडे डिसेंबरचं कधी, आमच्याकडे अमुक तारखेला, एवढंच. सेथशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, लग्न झाल्यापासून मी वर गॅलरीत, मागच्या भिंतीला टेकून बसत आले, कारण विणकर बायकांची ती जागा आहे आणि भिंत पाठीला बरी वाटते. तिथून वृंद म्हणजे काळ्या कपड्यांवर ठेवलेले चेहऱ्यांचे पांढरे ठिपके. यंदा गुडघा जिन्यावर चढेना, म्हणून माझ्या गिरणीतल्या मैत्रिणीने, सेलिनाने, मला खाली, वेदीच्या बाजूच्या बाकावर बसवलं. पंधरा हातांवर आल्टोंची रांग. आणि नाकावर सरकारी चष्मा, ज्यातून मला आता लोकांच्या कॉलरवरची इस्त्रीची करपलेली खूणसुद्धा दिसते. शेवटच्या रांगेत, डावीकडून तिसरी, माझी ॲनिस. माझ्या आईचा काळ्या खड्याचा ब्रोच छातीवर लावून उभी. बघायला काय, राणीसारखी दिसत होती. ऑर्गन सुरू झाला. तो मला बाकड्यातून कळतो, मांड्यांच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात तसा. वृंद उभा राहिला. दीडशे तोंडं एकदम उघडली, आणि त्यातलं एकच तोंड मला अगदी लख्ख वाचता आलं. पहिल्या चार शब्दांतच मला कळलं, त्या तोंडातून सूर निघत नाहीये.

हे कळायला गिरणीत आयुष्य जावं लागतं. तीनशे माग एका खोलीत चालतात तेव्हा माणसाचा आवाज ही वस्तूच शिल्लक राहत नाही. अकराव्या वर्षी शाळा अर्धी सोडून मी तिथे गेले, आणि महिनाभरात ओठांनी बोलायला शिकले. आवाज न करता बोलायचं तर ओठांना दुप्पट राबावं लागतं. जबडा पार खाली, ओठ पुढे, जीभ दाखवून प्रत्येक अक्षर वेगळं काढायचं आणि दोन माग पलीकडच्या बाईच्या हातात द्यायचं. आम्ही सगळी लग्नं, बाळंतपणं, नवऱ्यांचे तमाशे अशाच बोललो. गाणाऱ्याचं तोंड तसं नसतं. ते आतून उघडतं. घसा मागे रुंद होतो, अक्षरं ओठांना नुसती शिवून जातात, कारण कामाचा भार श्वासावर असतो. गाणारं तोंड आणि मागाचं तोंड यांतला फरक मला झोपेतही कळेल. काल ॲनिसचं तोंड मागाचं होतं. एवढं मोठं, एवढं नीट, की आंधळ्यालाही वाचता आलं असतं. आणि छातीवरचा ब्रोच हलत नव्हता. सूर लावायच्या आधी श्वास भरतो, छाती उचलते, पिन वर जाते. ती हलली नाही. दुकानाच्या काचेत लावलेली असावी तशी तिथेच बसून राहिली.

शेजारी सेलिना. तीस वर्षं तिचा माग माझ्या मागाला लागून होता. मी मान न वळवता, ओठांनी म्हटलं, "आमची ॲनिस बघ."

"बघतेय."

"गात नाहीये ती."

सेलिनाने हातमोज्याचं बटण काढलं आणि परत लावलं. "झिला, तुला आज दिसलं होय?"

"म्हणजे? कधीपासून चाललंय हे?"

"माझी भाची तिच्या शेजारी उभी राहते. आठ वर्षं झाली. वृंदाच्या व्हिटवॉम मास्तरांनाही माहीत आहे. ते म्हणतात, राहू दे उभी, तिच्या शेजारच्या पोरी सरळ उभ्या राहतात."

"आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. भवाने."

"तू तरी मला कुठे बोललीस," सेलिना म्हणाली, आणि टोपी सारखी केल्यासारखं करून तिने एक बोट स्वतःच्या कानावर टेकवलं. मग हात मांडीवर. दोन म्हाताऱ्या भर चॅपलमध्ये कडाकडा भांडल्या आणि पुढच्या बाकावरच्या माणसाची मानही हलली नाही.

म्हणजे तिलाही माहीत होतं. मी त्यानंतर दोन तास समोर बघत बसले आणि काय काय पाहिलं ते आठवत नाही. ते मोठं वृंदगान आलं, ज्याला सगळं चॅपल उभं राहतं. गुडघा ओरडत होता तरी मीही राहिले, कारण बसून राहिले असते तर लोक म्हणाले असते झिला ग्रीनवुड थकली. फळ्यांमधून सगळ्यांच्या पायांचा कंप माझ्या पायांत आला. ते एवढंच मला मिळतं, आणि मी ते खूप वर्षं पुरवून पुरवून खाल्लं आहे. मला ऐकू येत नाही. लिहून टाकते एकदा. पहिल्यांदा पक्षी गेले. म्हणजे ते गेले हे मला कळलं नाही; एका वसंतात वाटलं, यंदा टेकडीवर पक्षी कमी दिसतात, थंडी फार पडली असेल. मग किटलीचं झाकण. मग दारावरची थाप. लढाईच्या दिवसांत आम्ही शिपायांचं खाकी विणत होतो, दोन-दोन पाळ्या, आणि मागाचा आवाज घरी माझ्याबरोबर यायचा, उशीवर डोकं ठेवलं तरी धोटा डोक्यातून इकडून तिकडे जायचा. त्याच्या मागे बाकीचं एकेक करून कधी निघून गेलं, कळलं नाही. ओठ वाचता येणाऱ्या बाईला बहिरं व्हायला फार वेळ लागतो; माणसं समोर येऊन बोलतात, तिला सगळं कळतं, आणि तिला स्वतःलाही वाटत राहतं की आपण ऐकतो आहोत. ॲनिसचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला, मला सांगता येत नाही. तारीख लक्षात ठेवायला हवी हे कुणी सांगितलं नव्हतं.

तो आवाज मीच घरात आणला होता. सेथ बास गायचा, चांगला होता, पण त्याला वाटायचं मोठ्याने म्हणजे खोल. मला पाच ओळींवरचे काळे ठिपके वाचता येत नाहीत, आजही नाहीत. आम्हां गिरणीच्या लोकांना डो, रे, मी अशी अक्षरांची सरगम येते. संपूर्ण डिसेंबरचं आम्ही अक्षरांतून गातो. माझ्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी सरगमीचा उभा तक्ता टांगलेला होता, खाली डो, वर डो, मधे शिडी. आणि हाताच्या खुणा. डो म्हणजे घट्ट मूठ. मी हा सूर म्हणजे आडवा तळवा, पाण्यावर ठेवल्यासारखा. सो म्हणजे तळवा आपल्याकडे. ला म्हणजे मनगटातून गळून पडलेला हात. आमचे मास्तर म्हणायचे, ला हा रडका सूर, त्याला उचलू नका, पडू द्या. ॲनिस चार वर्षांची असताना मी पीठ मळता मळता एका हाताने खुणा करायची आणि ती टेबलाखालून गायची. शब्द नाही, काही नाही. हात वर गेला की आवाज वर. आठव्या वर्षी गिरणीत माझा डबा घेऊन यायची, तर त्या गदारोळात मी मागापलीकडून मूठ, तळवा, गळलेला हात दाखवायची, आणि तिचं तोंड उघडायचं. ती बरोबर गायली की नाही हे मला तिथे ऐकू यायचं नाही, पण मला दिसायचं. आवाज बघायची सवय मला तिथे लागली. सोळाव्या वर्षी तिने चॅपलच्या वर्धापनदिनाला पहिलं एकटीचं गाणं म्हटलं, तेव्हा मी हा ब्रोच तिच्या छातीवर लावला आणि सांगितलं, आधी पिन, मग सूर. पिन वर गेली नाही तर तोंड उघडायचं नाही. तिचा आवाज कसा होता ते विचाराल तर, न धुतलेली लोकर हातात घ्या. तेल असतं तिच्यात, हाताला लागतं, दिवसभर वास येतो. रंगवलेल्या, विंचरलेल्या लोकरीचे आवाज पुष्कळ असतात. तसा तिचा नव्हता.

विसाव्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यात धुकं पडलं, शहरातून बोलावलेली आल्टो अर्ध्या वाटेत आगगाडीत अडकली, आणि तिथल्या चॅपलच्या कमिटीचा माणूस आमच्या दारात उभा. "तुमच्या पोरीला डिसेंबरचं येतं का?" मी म्हटलं, "तिला चालता यायच्या आधी येत होतं. चहा घ्याल की उभ्याउभ्या नेताय तिला?" उभ्याउभ्याच नेलं. ती माझा काळा लोकरी झगा घालून गेली आणि आल्टोचं ते लांबलचक दुःखाचं गाणं, जे म्हणायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि ज्यात काहीही चमकदार नाही, फक्त सोसलेल्या माणसाची गोष्ट आहे, ते तिने असं म्हटलं की परत आल्यावर कमिटीचा माणूस माझ्याकडे न बघता टोपी हातात फिरवत बसला. तिथून वीस वर्षं, दर डिसेंबर. एका डिसेंबरात अठरा गावं झाली. दर संध्याकाळी दुसरं स्टेशन, दुसरे मास्तर, कुणी घोड्यासारखे पळवणारे, कुणी प्रेतयात्रेसारखे चालवणारे, दुसऱ्या कुणाच्या घरची हॅमची चकती आणि ओले बूट. एकच काळा मखमली झगा. त्याच्या बाह्या मी दर जानेवारीत उसवून आतून नव्याने लावायची. दोनदा रेडिओवर. लंडनहून एक बाई आल्या, म्हणाल्या, मुलीचे स्वर गावठी आहेत, दोन वर्षं आमच्याकडे ठेवा. ॲनिस सहा महिने राहून परत आली. मी विचारलं, "काय शिकवलं त्यांनी?" म्हणाली, "तोंड लहान करायला." एका टेनरने मागणी घातली होती. मी म्हटलं, "टेनरशी लग्न करशील तर दर सकाळी त्याचा घसा कसा आहे हेच विचारत बसशील." ती हसली. मला वाटलं होतं हसली. आता कधी कधी वाटतं, नीट बघायला हवं होतं.

रेडिओवर ती दुसऱ्यांदा गायली त्या वेळची गोष्ट. लढाई संपून वर्ष झालं होतं. आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या अकरा बायका दाटीवाटीने बसलेल्या, मी रेडिओच्या अगदी शेजारी, हात त्याच्या लाकडी खोक्यावर, जसा कुणी लाडाने ठेवतं. खोक्यात घरघर होती. लाकूड तळव्याखाली थरथरलं, थांबलं, परत थरथरलं. माझी पोरगी तिथे आत होती आणि मला फक्त लाकूड कळत होतं. गाणं संपलं हे मला सेलिनाच्या चेहऱ्यावरून समजलं. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "दुसऱ्या भागात श्वास चोरलाय तिने. आल्यावर सांगते." आणि खरंच सांगितलं. आणि ती म्हणाली, "हो गं, तुझ्या बरं लक्षात आलं." तेव्हा मी वाचले. पण त्या दिवसापासून माझ्या मताची किंमत तिच्याकडे दुप्पट झाली, आणि ती किंमत कुणाच्या तरी गळ्यातून वसूल होणार होती.

दोन वर्षांनी तिचा घसा बसायला लागला. चाळिसावं वर्ष. सकाळी आवाज खरखरायचा म्हणे. मला ती सांगायची तेव्हा कळायचं. डॉक्टर म्हणाला, आत दोन बारीक गाठी आहेत, सहा महिने बोलूसुद्धा नका, डिसेंबर सोडा, नाहीतर जे आहे तेही जाईल. आणि त्याच डिसेंबरात मँचेस्टरला, मोठ्या सभागृहात, मोठ्या वृंदाबरोबर तिला बोलावलं होतं. आमच्या खोऱ्यातल्या कुणालाही तिथे आजवर बोलावलं नव्हतं. ती डॉक्टरवर विश्वास ठेवेना. मास्तरांवर ठेवेना, कारण मास्तर प्रेमाने बोलायचे. एका शनिवारी सकाळी तिने रिकाम्या चॅपलमध्ये ऑर्गनवाल्याला बोलावलं आणि मला समोरच्या बाकावर बसवलं. म्हणाली, "आई, तू कधी कुणाचं गोड बोलत नाहीस. मी ते पूर्ण गाणं म्हणते. आवाज गेला असेल तर तोंडावर सांग. तू सांगितलंस तर मी मँचेस्टरला पत्र टाकते आणि गप्प बसते सहा महिने."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. वाक्य छोटं होतं. 'ॲनिस, मला ऐकू येत नाही.' पाच शब्द. ते माझ्या तोंडात आले होते. मला त्यांचा आकार आठवतो. पण ऑर्गनवाला तिथे होता, फरशी पुसणारी बाई होती, आणि मी झिला ग्रीनवुड, जिच्या एका शब्दासाठी मास्तरही सराव झाल्यावर जिन्यापाशी थांबायचे. मी हात मांडीवर ठेवून म्हटलं, "म्हण." ती गायली. मी तिच्याकडे पाहिलं, जसं चाळीस वर्षं पाहत आले होते. तोंड आतून उघडत होतं. खांदे खाली. आधी पिन, मग सूर. पिन वर गेली, थांबली, खाली आली. एकदासुद्धा चुकली नाही. खिडकीतून ऊन तिच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. मला सगळं बरोबर दिसलं. आजही शपथेवर सांगेन, दिसण्यात काहीही चूक नव्हती. पण ऑर्गनवाल्याने मधे एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तेही मला दिसलं. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. गाणं संपल्यावर मी म्हटलं, "काही झालेलं नाही तुझ्या आवाजाला. डॉक्टरांना बायकांच्या घशात गाठीच दिसतात. जा मँचेस्टरला." तिने माझ्या गालाला गाल लावला. गाल ओला होता. मला वाटलं, आनंदाने.

मँचेस्टरला मी गेले नाही. थंडी होती असं सांगितलं. काय झालं ते मला दुसऱ्यांच्या ओठांवरून तुकड्यातुकड्यांत मिळालं: त्या दुःखाच्या गाण्याच्या मध्यावर, जिथे सूर खाली उतरून तिथेच राहायचा असतो, तिथे आवाज फाटला. चुकला नाही, फाटला, जुन्या चादरीसारखा, आणि तिने तोंड बंद केलं नाही, उरलेलं सगळं हवेत म्हणत राहिली आणि वाद्यं एकटीच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती आली. ब्रोच काढून माझ्या हातात दिला आणि झोपायला गेली. मी जिन्याखाली उभी राहून विचारलं, "कसं झालं?" दार बंद होतं. दाराआडून तिने उत्तर दिलं असेलही.

नंतरच्या डिसेंबरांत कुणाचं बोलावणं आलं नाही. लोक वाईट नसतात. ते दुसरीकडे बघतात. ॲनिस कापडाच्या दुकानात बटणं आणि रिबिनी विकायला लागली. टेनरने दुसऱ्या कुणाशी लग्न केलं होतं, त्याच्या घशाची काळजी आता ती करते. आणि पुढच्या वर्षी एका रविवारी ॲनिस म्हणाली, "मी वृंदात जातेय. मागच्या रांगेत." मला केवढं बरं वाटलं. वाटलं, गाठी विरघळल्या, थोडा तरी आवाज परत आला, चार बायकांच्या आधाराने गाईल. मी ब्रोच काढून तिला परत दिला. सात वर्षं मी गॅलरीत बसून ठिपक्यांमधला तिचा ठिपका शोधला, आणि शेजारणींना म्हटलं, "ती बघा, आमची ॲनिस." आणि एकीने, एकीनेही, माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. आता उलगडतंय की त्या सगळ्या समोर का बघायच्या. काल कार्यक्रमानंतर शाळेच्या खोलीत हॅम आणि चहा होता. व्हिटवॉम मास्तर माझ्यासमोर वाकून, मला वाचता यावं असं सावकाश म्हणाले, "तुमच्या मुलीशिवाय ती रांग रांग वाटणार नाही, मिसेस ग्रीनवुड." मी म्हटलं, "सरळ उभी राहते म्हणून ना?" त्यांच्या हातातली बशी जरा कलली. मी आल्याच्या केकचा तुकडा घेतला आणि पूर्ण खाल्ला.

आज सोमवार, धुण्याचा दिवस. तिचं दुकान सोमवारी दहाला उघडतं, तोवर ती मला चादरी पिळून देते. मी पिळायच्या यंत्राचं चाक फिरवत होते, ती मोरीपाशी, पाठ माझ्याकडे. आणि आज, चष्मा लावून, मला आणखी एक गोष्ट दिसली. ॲनिसला काही सांगायचं असलं की ती वळते, दोन पावलं पुढे येते, उजेडात उभी राहते, मग तोंड उघडते. प्रत्येक वेळी. जरा चादर धर म्हणायलाही. मला वाटायचं, रीतभात आहे, मीच लावली आहे. मी चाक थांबवलं आणि म्हटलं, "ॲनिस. काल तुझी पिन हलली नाही."

ती वळली. "कुठली पिन?"

"माझ्या आईची. तीन तासांत एकदाही नाही. मागाचं तोंड करून उभी होतीस, देवासमोर. लाज वाटत नाही?"

तिने ॲप्रनला हात पुसले, एकेक बोट. "चष्मा चांगला मिळाला म्हणायचा तुला."

"थट्टा नकोय मला. गात नाहीस तर जाऊन उभी कशाला राहतेस? माझं नाव घालवायला?"

ती पुन्हा बोटं पुसायला लागली. आणि मला समजलं की आता नाही बोलले तर मी ते वाक्य बरोबर घेऊन जाणार, सेथच्या शेजारी, मातीत. मी म्हटलं, "त्या शनिवारी मला ऐकू येत नव्हतं. मँचेस्टरच्या आधी. तू गायलीस ते मी नुसतं पाहिलं. एक सूरही ऐकला नाही. मी सांगितलं आणि तू गेलीस." किती मोठ्याने बोलले मला कळलं नाही, तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, गल्लीत ऐकू गेलं असावं.

ॲनिसने माझ्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि दोन्ही हात मोरीच्या कडेवर ठेवले. आणि ती बोलायला लागली. मला तिचे खांदे दिसत होते, मानेची शीर दिसत होती, पाठ आत-बाहेर होत होती. ती भिंतीशी बोलत होती, खूप वेळ, मधे एकदा तिने मूठ कडेवर आपटली आणि पाण्यावर वर्तुळं उठली. काय बोलली ते मला कधीच कळणार नाही. ते माझ्यासाठीच होतं आणि मला देण्यासाठी नव्हतं. मी चादरीचं टोक धरून उभी राहिले, पाणी माझ्या चपलांवर गळत होतं, आणि मी हललेही नाही, कारण तेवढं तरी मी तिचं ऐकायला हवं होतं.

मग तिने तोंडावर पाणी मारलं. वळली, दोन पावलं पुढे आली, उजेडात उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"मँचेस्टरहून आले त्याच आठवड्यात. तू इथेच पीठ मळत होतीस. मी तुझ्या मागे उभी राहून हाक मारली. तीनदा. तिसऱ्यांदा किंचाळले. तू मीठ घातलंस आणि मळत राहिलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस."

सगळ्या एकच वाक्य शिकून आल्या आहेत. मी म्हटलं, "आणि ते वृंदात उभं राहणं? सगळ्या गावाला माहीत असताना?"

तिचे ओठ हलले आणि या वेळी मला दिसलं की ती आवाज करत नाहीये. जबडा खाली, ओठ पुढे, एकेक अक्षर वेगळं. मागाचं तोंड. "आई, तू दरवर्षी गॅलरीत बसून मला शोधायचीस. तुला ऐकू येत नाही, तुला दिसतं. चष्म्याशिवाय, तेवढ्या लांबून दिसावं म्हणून एवढं मोठं तोंड करते. माझं गाणं बघणारं आणखी कोण आहे?"

तिचा उजवा हात बाजूला लोंबत होता, मनगटातून गळलेला, पाणी ठिबकत. मी त्या हाताकडे पाहत राहिले. ला. रडका सूर, उचलू नका. मी चादर सोडून दिली, चष्मा काढला, ॲप्रनने पुसला आणि परत घातला, कारण मला तिचं तोंड स्वच्छ दिसायला हवं होतं. मग मी तिला सांगितलं, ओठांनी नाही, माझ्यात शिल्लक असलेल्या सगळ्या आवाजाने: "पक्की खोटारडी आहेस तू, ॲनिस. माझ्या पोटची शोभतेस."